राबाची माती

शिल्पाच्या जंतूला टक्कल पडलं, आणि तेही नको त्या वेळी पडलं.

माणसाला टक्कल पडलं तर तो टोपी घालतो, उरलेल्या चार केसांचा आडवा भांग पाडतो, काहीतरी मार्ग काढतो. जंतूला ती सोय नाही. रोह्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत शिल्पा काचेच्या बशीचं झाकण उचलून बघत होती. जिथं करडी, कापसासारखी लव दिसायला हवी तिथं मेण सांडावं तसे गुळगुळीत ठिपके होते. दुसरी बशी उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तुळतुळीत. या धंद्यातली माणसं अशा वसाहतींना सरळ टकल्या म्हणतात, आणि त्या शब्दाचं हसू येतं ते फक्त पहिल्या वर्षी.

आता हा जंतू कोण, ते सांगायला हवं. मातीत राहणाऱ्या जिवाणूंची एक जात आहे, स्ट्रेप्टोमायसिस नावाची. ओल्या मातीला जो वास येतो तो बराचसा हिचाच. पोटाला मिळतंय तोवर ही बुरशीसारखे धागे पसरत मातीत लोळत असते. अन्न संपलं, जमीन तापली, जिवावर बेतलं की मात्र रूप पालटते. धागे वर उभे राहतात, त्यांच्या टोकांचे तुकडे पडतात आणि एकेक तुकडा म्हणजे जाड सालीचा बीजाणू होतो. तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहू शकतो. हे सगळं कसं करायचं ते जनुकांत आधीपासून असतंच, पण एक प्रथिन त्या जनुकांवर ठाण मांडून बसलेलं असतं, कंपनीच्या गेटवर वॉचमन बसावा तसं. संकटाची खूण पटली की वॉचमन उठतो, गेट उघडतं आणि एकामागून एक जनुकं कामाला लागतात.

शिल्पाच्या जंतूची मजा ही, की याचा वॉचमन जराशी धग लागली तरी उठायचा. याच्या भावंडांना त्यासाठी उपाशी मारावं लागे, याला थोडं तापवलं की पुरे. कारण तिला ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटत होतं. हा जंतू तिनं पेणजवळच्या आपल्या गावातून, बापाच्या शेतातल्या राबाच्या तुकड्यातून आणला होता. भाताची रोपं ज्या तुकड्यात वाढवायची तिथं उन्हाळ्यात शेण, टहाळ्या, पाचोळा, गवत असे थर रचतात, वर भुरभुर माती टाकतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवून सावकाश जाळतात. तण मरतं, राख मिळते. याला राब भाजणं म्हणतात. शिल्पाचा आजा आणि पणजा त्याच तुकड्यात राब भाजत आले होते. दर वर्षी डोक्यावर आग पेटणार असेल, तर खाली राहणाऱ्याला धग लागताच बोचकं बांधायची सवय लागणारच. शिल्पाची पीएचडी एवढ्या एका गोष्टीवर उभी होती.

मग असं गुणी लेकरू बिघडलं कसं? तर लाडानं. मूळ साठा डीप फ्रीझरमध्ये गोठवून ठेवलेला होता. गेल्या पावसाळ्यात कुंडलिका नदीचं पाणी चढलं, वीज गेली ती गेलीच, आणि जनरेटर तळमजल्यावर असल्यामुळे सगळ्यांच्या आधी त्याचीच आंघोळ झाली. फ्रीझरमधलं सगळं वितळून वाया गेलं. उरल्या त्या शिल्पाच्या रोजच्या वापरातल्या नळ्या. त्यांतला जंतू लवकर वाढावा म्हणून ती त्याला सारखं ताजं, साखर घातलेलं खाद्य देत आली होती. भरल्या ताटावर बोचकं बांधायची गरज कोणाला? ज्यांच्यात काही बिघाड होऊन बीजाणू करायचा नाद सुटला, ते बाकीच्यांपेक्षा झपाट्यानं वाढले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं खोड जिवंतपणी गेली, आणि ती गमावलेल्यांचीच पोरंबाळं नळीभर झाली. खायला काळ आणि भुईला भार.

शिल्पाच्या गाईड होत्या सबनीस मॅडम. बाई हुशार, कामाला चोख, आणि बोलण्यात साखर घालायची सवय अजिबात नाही. शिल्पानं पीएचडीच्या समितीपुढं निकाल मांडले तेव्हा एका सदस्यानं विचारलं होतं, हे पुन्हा करून दाखवाल का? मॅडमनीच तिच्या वतीनं ‘जरूर’ म्हणून टाकलं होतं. आता दाखवायला टकले होते.

“मी तुझ्यावर अविश्वास दाखवत नाहीये, शिल्पा,” मॅडम म्हणाल्या. हे वाक्य जी माणसं बोलतात ती नेमकी तेच दाखवत असतात. “पण फ्रीझरही गेला, नळ्याही बिघडल्या. ऐकणाऱ्याला काय वाटेल?”

“माझ्याकडे फोटो आहेत, मॅडम.”

“फोटो कशाचेही असतात. जिथून आणलास तिथून परत आण. माती कुठं पळून जात नाही. नाहीतर मला समितीला कळवावं लागेल की आम्ही हे निकाल मागे घेतोय.”

निकाल मागे घेणं याचा अर्थ शिल्पाला समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानंतर पदवीचं राहू दे, कोणी साधं प्रयोगशाळेत बशा धुवायलासुद्धा उभं करणार नव्हतं. एकदा खोटारडी ठरली की ठरली.

रोह्याहून पेण काही सातासमुद्रापार नाही. एसटीनं नागोठणे मागं टाकावं, रामवाडीला उतरावं, पुढं गावापर्यंत मिनीडोर मिळते. तरी शिल्पा घरी यायची ती गणपतीला आणि दिवाळीला, आणि आली तरी ओटीवरून उठून शेताकडं काही फिरकायची नाही. मातीवर पीएचडी करणारी पोरगी घरच्या मातीत पाय ठेवत नाही, हे तिला तोंडावर कोणी म्हणालं नव्हतं. घरात तिचा मान फार. बाप तर तिच्यासमोर विडीसुद्धा ओढायचा नाही.

ती पोचली तेव्हा मार्च महिना होता. वालाची झोडणी नुकतीच आटपली होती आणि तिची आई, हौसा, पडवीत सूप घेऊन वाल पाखडत बसली होती.

“बाबा कुठायत गो आई?”

“कुठं असनार? तुझ्या किड्यांना जेवू घालाय गेल्यात.”

शिल्पा हसली. हौसा हसली नाही, तेव्हा शिल्पाचंही हसू ओसरलं.

“म्हणजे?”

“म्हंजी काय? पावसाचं दिवस सोडलं तर रोज जातात. तांब्यात गूळ कालवतात नि चालले. घरात चहाला गूळ पुरत नाय, पन किड्यांची पंगत कवा चुकत नाय. मी म्हनते, अती तिथं माती. तर म्हनतात, मग, मातीच तर हाय ती.”

शिल्पा बॅग तिथंच टाकून शेताकडं निघाली.

राबाचा तुकडा लांबूनच ओळखू आला. सगळं शेत वाळून करडं पडलेलं आणि तेवढाच चौकोन हिरवागार. चारी बाजूंनी करवंदीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण. आत तिचा बाप, मारुती, उकिडवा बसून तांब्या तिरका करत होता. पाणी एका जागी साचू नये म्हणून तो हात सावकाश फिरवत होता. देवावर अभिषेक करतानाही त्यानं कधी एवढा वेळ काढला नसेल.

“आलीस? बघ कशी ठेवलीय,” तो म्हणाला. “गुरढोर फिरकू दिलं नाय आत.”

“बाबा, इथं राब नाय भाजलात?”

“खुळी काय तू? तुझं जीव हायत ना इथं? त्यांना जाळू?”

तेव्हा शिल्पाला आठवलं. पहिल्यांदा माती पिशवीत भरताना ती सहज म्हणाली होती, बाबा, या तुकड्यात लाखमोलाचे जीव आहेत, सांभाळा बरं. त्यानं विचारलं होतं, खातात काय? ती म्हणाली होती, साखर बिखर, काहीपण. बोलून ती विसरली. मारुती विसरला नाही. शेजाऱ्याचा बैल चार दिवस सांभाळायला घेतला तर आपल्या बैलाआधी त्याच्यापुढं पेंढा टाकायचा, ही त्याची रीत. इथं तर पोरीनं सांभाळायला दिलेले जीव. बैल मोठा असतो आणि हे दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक.

“मग रोपं कुठं केलीत?”

“वरच्या माळावर. मुरमाड हाय तिथं, रोप जरा पिवळं राहतंय. तणबी लय. दोन सालं चाललंय तसंच. त्यात काय?”

त्यात काय ते शिल्पाला दिसत होतं. दोन वर्षं आग नाही, वर गुळाची चैन. निजलेले बीजाणूही त्या ओलीनं उगवून बसले असणार. एवढ्या खाण्यावर झपाट्यानं वाढणारे जे कोणी मातीत होते ते सगळे माजले असणार, आणि त्या गर्दीत तिचा हळू वाढणारा, आगीच्या भरवशावर जागा राखून असलेला जंतू कुठल्या कुठं ढकलला गेला असणार. तिनं प्रयोगशाळेत जे केलं होतं ते बापानं शेतात केलं होतं, फक्त तिच्यापेक्षा जास्त मनापासून. तिला त्याचा भयंकर राग आला आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली.

“छान ठेवलंत, बाबा,” ती म्हणाली.

मारुतीचा चेहरा खुलला. तिनं तुकड्यातली माती घेतली, वरच्या माळावरचीही घेतली. निघताना बापानं तिला विचारलं, गूळ कमी तर पडत नाय ना? ती म्हणाली, नाय.

रोह्याला येऊन तिनं माती तापवली, पाण्यात कालवली, बशांवर पसरली आणि थांबली. बशांत जत्रा भरली. पिवळे, गुलाबी, चिकट, पसरट, नाना तऱ्हेचे जीव उगवले. करडी लव असलेलेही काही होते, पण धग दिली की ढिम्म. तिचा त्यांत नव्हता. माळाच्या मातीतही नव्हता, तिथं बिचारा पोचणार कसा. शिल्पानं पुन्हा बशा लावल्या, पुन्हा तेच झालं. यात एप्रिल संपत आला.

“मिळाला नाही,” तिनं मॅडमना सांगितलं.

“का?”

दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. पण त्या वाक्यांचं पुढं काय होईल ते तिला दिसलं. चहाच्या वेळी ती गोष्ट विभागात फिरणार, शिल्पाच्या वडिलांनी म्हणे जंतूंना गूळपाणी पाजलं, मग कोणीतरी पेणचा ती गावात नेणार, आणि एक दिवस कोणीतरी मारुतीला नाक्यावर हाक मारून विचारणार की काय मारुतीबुवा, आज पंगतीला काय? आणि मग त्याला कळणार की आपण पोरीचं वाटोळं केलं. हे काही ती होऊ देणार नव्हती. खोटारडी ठरलेली परवडली.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी स्वतः येते तुझ्या गावाला. माझ्यासमोर खणू. तू सांगतेस ती जागा तरी आहे का, ते मला बघू दे.”

शिल्पानं घरी फोन केला. बाबा, मॅडम येतायत, फार बोलू नका. असं सांगितल्यावर कोणता बाप गप्प बसेल?

मारुती इस्त्रीचा सदरा घालून रस्त्यापर्यंत आला होता. हौसानं तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं केलं होतं. मॅडमनी दोनदा मागून घेतलं, त्यामुळं हौसानं त्यांना मनातल्या मनात पास करून टाकलं. जेवण झाल्यावर सगळे शेताकडं निघाले. वाटेत शिल्पानं मॅडमना मातीच्या सामूपासून ते पावसाच्या मानापर्यंत बरंच काही सांगितलं, बापाला मध्ये तोंड उघडायला जागाच ठेवली नाही. पण कुंपणाशी पोचल्यावर तिचाही श्वास संपला.

“जागा आहे तर,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी त्या हिरव्या चौकोनाकडं नीट बघितलं. “पण हा राबाचा तुकडा ना? एवढं तण कसं इथं?”

“ऊन वाढतंय मॅडम, माती घेऊन टाकू या,” शिल्पा म्हणाली.

“तण हाय खरं,” मारुती कौतुकानं म्हणाला. “गुळानं होतंय ते. रोज घालतो ना.”

“काय घालता?”

“गुळाचं पानी. हिच्या जिवांना. पाऊस सोडून रोज. एक दिवस चुकवलं नाय. मेव्हण्याच्या घरी कोलाडला लगीन होतं, तवा हिच्या आयशीला मागं ठेवली, पन चुकवलं नाय.”

“आणि राब?”

“इथं कसा भाजीन? जीव हायत ना.”

मॅडमनी एकदा त्या तणाकडं, एकदा मारुतीकडं बघितलं. मग शिल्पाकडं वळल्या. “तुला हे माहीत होतं?”

“हो.”

“मार्चपासून?”

“हो.”

“आणि मी विचारलं तेव्हा माहीत नाही म्हणालीस.”

शिल्पाची नजर बापाकडं गेली.

“काय झालं, मॅडम?” मारुतीनं विचारलं.

“काही नाय, बाबा,” शिल्पा म्हणाली.

मॅडम दुष्ट नव्हत्या. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, एवढंच त्यांना आयुष्यभर येत होतं. “तुमच्या मुलीचा जंतू इथं टिकला होता तो आगीमुळे,” त्या म्हणाल्या. “आगीत बाकीचे मरायचे, हा वाचायचा. आग थांबली, वर गूळ मिळाला, तेव्हा बाकीचे फोफावले आणि हा मागे पडला. आता तो सापडत नाही. आणि तो सापडल्याशिवाय तिचं काम पुरं होत नाही.”

मारुतीनं हातातला तांब्या बांधावर ठेवला. तो रिकामाच होता, मॅडमना दाखवायला आणलेला.

“म्हंजी मी मारला.”

“मुद्दाम नाही.”

“मुद्दाम कोन मारतंय?” तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, “ही खोटं बोलतेय असं वाटलं व्हतं तुम्हाला?”

“वाटलं होतं. आता वाटत नाही. निकाल मागे घ्यायचं कारण उरलं नाही, जंतू का सापडत नाही ते मी समितीला समजावीन. पण तो हाती येईपर्यंत पदवीचं काही सांगता येणार नाही.” एवढं बोलून मॅडम कुंपणाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन करवंदीच्या फांद्या बघू लागल्या. त्या फांद्यांत बघण्यासारखं काही नव्हतं.

शिल्पाला वाटलं, आता बाप खाली बसेल, डोक्याला हात लावेल. ती जवळ सरकली. मारुती बसला नाही. त्यानं तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की ती शाळेत जायला लागल्यापासून त्यानं तिच्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं.

“मार्चात आलीस तवाच तुला कळलं व्हतं.”

“व्हय.”

“नि मला म्हनालीस, छान ठेवलंत.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा.”

“वाटलं असतं. मग?”

शिल्पा कुंपणाचा एक काटा उगाच मोडू लागली.

“तवा सांगितलं असतंस तर तवाच थांबलो असतो,” मारुती म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. “त्याच्यावर आनखी इतकं दिवस गूळ घालीत बसलो मी. तुझ्या डोळ्यादेखत. तिकडं तुला खोटारडी म्हनत व्हते नि तू गप, माझ्यापायी. मी काय गुळाच्या पान्यावर वाढलेला हाय गो, जरा धग लागली तर मरायला?”

बांधावर ऊन रणरणत होतं. शिल्पाला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. बापाला ती जपत होती असं तिला वाटत होतं. त्याला कळायला नको, झेपणार नाही, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि ठरवताना त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं. घरात तिचा मान होता, पण तिनं मात्र त्याला कधी मोठ्या माणसात धरलं नव्हतं. हे सगळं तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

मारुतीनं चपलेनं त्या हिरव्या तणाला ढोसलं. माती भुसभुशीत, काळी, ओलसर होती. दुसऱ्या कोणी बघितली असती तर वाहवा म्हटलं असतं.

“आता राब भाजला तर परत येतील?” त्यानं विचारलं.

‘येतील की’ असं शिल्पाच्या तोंडात आलं होतं. म्हणायला सोपं होतं, आणि तो तेवढ्यावर घरी जाऊन निवांत झोपलाही असता. तिनं ते गिळलं.

“माहीत नाय, बाबा. बहुतेक नाय येनार. आले तरी किती सालं लागतील ते सांगता येत नाय, नि तोवर माझं काय होईल तेपन ठाऊक नाय.”

मारुतीनं ते पूर्ण ऐकून घेतलं. मान हलवली, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि बांधापलीकडच्या ऐनाच्या झाडाकडं बघून टहाळ्या किती निघतील याचा अंदाज घेतला.

“बरं,” तो म्हणाला. “मग घरातनं कोयती घेऊन ये.”